वाहक क्रमांक एक

बाबा मंगळवारी सकाळी गेले आणि ती बातमी मी नऊ वाजून दहा मिनिटांनी ‘परहस्ते’वर टाकली. नऊ वाजून अकरा मिनिटांनी आत्याच्या नावापुढे हिरवी खूण आली. हिरवी खूण म्हणजे पोचलं. मी फोन पालथा ठेवला आणि आईजवळ जाऊन बसले. त्या सकाळी एवढं एक काम तरी नीट झालं, असं मला वाटल्याचं आठवतं.

परहस्ते म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण आमच्या भागाबाहेर त्याची कोणाला गरज पडत नाही. आमच्याकडे मोबाइलचा टॉवर एकच, तोही मुख्य वसाहतीत, जलवाहिनीच्या कार्यालयामागे. ही जलवाहिनी तळ्यापासून शहरापर्यंत अडतीस किलोमीटर डोंगरांतून जाते आणि वाटेत नऊ पंपघरं लागतात. दुसऱ्या पंपघरापुढे टॉवरची रेंज संपते. पूर्वी प्रत्येक पंपघरात तारेचा टेलिफोन होता; काळा, जड, दांडा फिरवायचा. तो कायम चालायचा, त्यामुळे त्याच्याबद्दल कधी बैठक झाली नाही. तीन वर्षांपूर्वी तो कालबाह्य ठरवून काढून नेला आणि त्याच्या जागी परहस्ते आलं.

कल्पना हुशारीची होती हे मी मान्य करते. टॉवर नाही तर नाही, माणसं तर हिंडतात. दोन माणसं एकमेकांजवळून गेली की त्यांचे फोन आपापसांत बोलून घेतात. याच्याकडचं त्याच्याकडे, त्याच्याकडचं पुढच्याकडे. असं करत करत निरोप पायी, सायकलवर, मोपेडवर डोंगरापलीकडे जातो. कधी तासाभरात, कधी दोन दिवसांत. फोनच्या मालकाला काहीच करावं लागत नाही. त्यानं फक्त हिंडत राहायचं. अशा माणसाला ‘वाहक’ म्हणायचं.

एकच अडचण होती. प्रत्येक फोनमध्ये परहस्तेसाठी जागा ठरलेली, दोनशे मजकुरांची. ती भरली की काहीतरी टाकून द्यावं लागतं. काय टाकायचं ते कोणी ठरवायचं? तर लोकांनीच. मजकूर आवडला की अंगठा द्यायचा. ज्याला अंगठे जास्त तो टिकतो, त्याच्या प्रती वाढतात. ज्याला एकही अंगठा नाही तो अठ्ठेचाळीस तासांत गळून पडतो. यामुळे आमच्या भागात एका मांजराचा शिंकतानाचा व्हिडिओ सव्वादोन वर्षं जिवंत आहे.

बहुतेक वाहक उपाहारगृह ते कार्यालय एवढ्याच टापूत फिरत. तेच विनोद, तीच फुलांची चित्रं, तेच मांजर दिवसभर एकमेकांना देत आणि घेत. त्याचीही देवाणघेवाण म्हणून नोंद व्हायची आणि दर महिन्याचा आलेख वर चढायचा. खरं वाहायचे ते बाबा. ते पंपांचे मेकॅनिक. मोपेडला हत्यारांची पिशवी अडकवून दिवसाआड नवव्या पंपघरापर्यंत जायचे आणि यायचे. कार्यालयाच्या फाटकाजवळ वाहकांचा फलक होता, त्यावर एकतीस महिने बाबा पहिले होते. त्यांना त्याचं काही नव्हतं. ‘माझ्या खिशात कोणाचं काय आहे ते मी बघत नाही,’ म्हणायचे. ‘टपालपेटी पत्रं वाचते का?’

म्हणजे बाबा गेल्याची बातमी नवव्या पंपघरापर्यंत नेऊ शकेल असा माणूस सगळ्या भागात एकच होता. हे मला सुचायला अकरा दिवस लागले. हिरवी खूण समोर असताना माणसाला फारसं काही सुचत नाही.

नवव्या पंपघरात आत्या राहते. बाबांची थोरली बहीण, पंपघराची राखणदार, गेली सव्वीस वर्षं एकटी. दप्तरात तिचं वय सात वर्षांपासून एकोणसाठच आहे, कारण तिच्या जागी तिकडे जायला कोणी तयार नाही. बाबा आणि मी सोडून तिला रक्ताचं कोणी नव्हतं.

बुधवारी सकाळी दहापर्यंत आम्ही अंत्यविधीसाठी तिची वाट बघत थांबलो. खडी नेणारा एखादा ट्रक मिळाला असता तरी ती नऊपर्यंत पोचली असती. साडेनऊला मी फाटकापर्यंत जाऊन आले. दहाला शेजारच्या लाइनमनकाकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “निरोप पोचलाय ना?”

“पोचलाय,” मी म्हणाले.

“ती नाही यायची,” आई म्हणाली. “मला माहीत होतं.”

“आई, आत्ता नको.”

“मी काही म्हणतेय का? नाही यायची, एवढंच म्हणाले.”

आम्ही निघालो. पुढचे दहा दिवस जो भेटायला आला त्यानं, पाणी पिऊन झाल्यावर, आवाज थोडा खाली आणून हेच विचारलं: बहीण आली नाही? मी प्रत्येकाला तेच सांगितलं, की पोचलाय निरोप. प्रत्येक वेळी सांगताना माझ्यात आत्याविरुद्ध काहीतरी एकेक थर चढत गेलं. लहानपणी तापात तिनं माझ्या उशाशी काढलेल्या तीन रात्री मला आठवायच्या आणि मी त्या मुद्दाम बाजूला सारायची.

गुरुवारी समन्वयक आले. परहस्तेचे समन्वयक. नीटनेटका माणूस, बोलताना बोटं एकमेकांत अडकवून धरायची सवय. खुर्चीच्या कडेला बसले, पाणी नको म्हणाले, मग प्यायले.

“मोठी हानी,” ते म्हणाले. “एकूण वहनाच्या एकेचाळीस टक्के.”

आईनं माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे माणूस म्हणून तर होतेच, वहिनी,” त्यांनी सावरून घेतलं. “देवमाणूस. पण आकडाही लहान नाही.”

मग त्यांनी फोनचा विषय काढला. फोन कार्यालयाचा होता. बाबांच्या पलंगाशेजारच्या फळीवर, मंगळवारी सकाळी होता तिथेच, अजून पडलेला होता. मी विचारलं, “बंद करून देऊ का?”

“नको, नको!” ते खुर्चीवरून अर्धवट उठलेच. “बंद करायची एक प्रक्रिया असते. ती आमच्याकडून होईल.”

आई आत जाऊन फोन घेऊन आली. मग पुन्हा आत गेली आणि चार्जर आणला. “हाही न्या,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुठल्या चार्जरनं तो चार्ज होत नाही. वायर जरा अशी वाकडी धरावी लागते.” कशी ते तिनं करून दाखवलं. समन्वयकांनी लक्ष देऊन पाहिलं. मी पावतीवर सही केली.

पुढच्या बुधवारी मी शाळेत पुन्हा रुजू झाले. फाटकाजवळून जाताना फलकाकडे पाहिलं. बाबांचं नाव पहिलंच होतं. ‘वहन: अठ्ठेचाळीस टक्के. नियमितता: उत्कृष्ट.’ पहारेकरी टोपी काढून उभा राहिला. “काका अजून वरच आहेत, ताई,” तो म्हणाला. मला वाटलं, आदर म्हणून नाव ठेवलंय. मला भरून आलं. मी त्या दिवशी समन्वयकांना चार ओळींची आभाराची चिठ्ठीसुद्धा पाठवली. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण पाठवली होती.

शुक्रवारी आईचा रक्तदाब बघायला दवाखान्यात गेलो. डॉक्टर नेहमीप्रमाणे यायचे होते. बाकांवर पंधरा-वीस माणसं होती आणि औषधांच्या खिडकीत कंपाउंडर होता, ज्याला रुग्णांचं मन रमवणं हे आपलं खरं काम वाटतं.

“आलं का रे नवीन?” बाकावरून एकानं विचारलं.

“आलं की. कालचं आहे. एकदम कडक.”

“कोणाचं?” आईनं शेजारच्या बाईला विचारलं.

“अहो, तोफखाना! ऐकला नाहीत? कोणीतरी बाई आहे, नवऱ्याला रोज झापते. नाव-गाव काही नाही. पण काय तोंड आहे! आमच्याकडे पोरं जेवताना लावतात.”

“नवरा नाही, भाऊ असणार,” दुसरी म्हणाली. “नवऱ्याला एवढ्या प्रेमानं कोण बोलतं?”

बाक हसला. कंपाउंडरनं फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवला आणि आवाज मोठा केला.

“काय रे ठोंब्या,” फोन म्हणाला, “मी इथं काय मैलाचा दगड आहे का? रोज खालून जातोस. इथं फोन बोंबलतो, ‘तुमचे वाहक जवळ आहेत, तुमचे वाहक जवळ आहेत.’ जवळ आहेत तर वर या म्हणावं! दोन कपांचं आधण ठेवते मी, ते आटून पातेलं जळतं. पातेलं तुझा बाप आणून देणार का? आपला एकच बाप होता, तोही गेला.”

दवाखाना खदखदून हसला. खोकल्याचं औषध न्यायला आलेले एक आजोबा खोकत खोकत हसले.

“आता हे ऐका, हे तर कहर आहे,” कंपाउंडर म्हणाला.

“हात काय हलवतोस? मी बघितलं, खिडकीतून हात हलवलास. निवडणुकीला उभा राहिलायस का? मोपेड सोडून मोठ्या गाडीत बसायला लागलास, छान झालं. उतरायला काय होतं तुला? पाय झिजतात?”

बाबांना जगात ठोंब्या म्हणणारं एकच माणूस होतं. मी आईकडे पाहिलं. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

“अजून आहे का?” मी कंपाउंडरला विचारलं. माझा आवाज मला नीट वाटला.

“आहे एक क्लिप, पण बोअर आहे. तिला अंगठेही नाहीत फारसे.”

“लावा.”

त्यानं खांदे उडवले आणि लावली. पहिल्यांदा नुसताच वारा ऐकू आला. मग आत्या, खालच्या आवाजात: “हे बघ, गुडघा दुखत असेल तर तसं सांग. मी खाली येऊन उभी राहीन रस्त्यावर. मला काही नाही. माझं काही चुकलं असेल तर तेही सांग. पण सांग.”

“बघा, म्हटलं ना,” कंपाउंडर म्हणाला आणि ती बंद करून पुन्हा पातेल्याची लावली.

आईला शेजारच्या बाईजवळ सोपवून मी कार्यालयात गेले. समन्वयक एका मोठ्या नकाशावर रंगीत टाचण्या लावत होते. सोमवारी बाहेरचं पाहणी पथक येणार होतं. आमची पद्धत बघून त्यांच्या डोंगरात लावणार होतं.

“बाबांचा फोन कुठे आहे?” मी विचारलं.

“चालू आहे,” ते अभिमानानं म्हणाले. “तुमची चिठ्ठी मिळाली. आभार कशाला, कर्तव्य आहे आमचं.”

“कुठे आहे?”

ते टाचणी हातात घेऊन थांबले. मग, सांगायला काही हरकत नाही अशा थाटात, त्यांनी सांगितलं. बाबा गेल्यावर पाचव्या पंपघरापुढे नकाशा काळा पडला होता. दगडखाणीकडे पाण्याचा टँकर रोज जातो, सगळ्या पंपघरांच्या खालच्या रस्त्यानं. फोन त्याच्या हत्यारपेटीत ठेवला. शनिवारपासून नकाशा पुन्हा उजळला.

“खरं सांगू का, ताई, रागवू नका. साहेब होते तेव्हा प्रत्येक पंपघरात थांबायचे, गप्पा मारायचे, वॉशर बदलायचे. वेळापत्रकाचं काही खरं नसायचं. आता बघा, एक मिनिट इकडे-तिकडे नाही.”

“आत्याला माझा निरोप पोचला नाही.”

त्यांनी संगणकात पाहिलं. “मंगळवार, नऊ अकरा. पोचला आहे. हिरवी खूण आहे.”

“नऊ अकराला नवव्या पंपघरात कसा पोचेल? अडतीस किलोमीटर आहे.”

“तसं नाही. तत्त्वतः पोचला.” त्यांची बोटं एकमेकांत अडकली. “साहेबांची शेवटपर्यंतची पोच शंभर टक्के होती ना, एकतीस महिने. म्हणून आम्ही एक सुधारणा केली होती. नवव्यासाठीचा निरोप साहेबांच्या फोनमध्ये गेला, की तो पोचला असं धरायचं. लोकांना दोन-दोन दिवस वाट बघावी लागायची. त्यांचं समाधान झपाट्यानं वाढलं.”

नऊ अकराला बाबांचा फोन माझ्यापासून सहा फुटांवर फळीवर होता. माझा निरोप तेवढाच चालला होता.

“मग शनिवारी टँकर तिच्याखालून गेला तेव्हा का नाही गेला तिच्या फोनमध्ये?”

“शनिवारपर्यंत तो उरलाच नसणार. अठ्ठेचाळीस तास झाले होते. अंगठा एकही नाही.” त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. “बघा. तीनशे बारा जणांनी उघडला. शून्य अंगठे.”

तीनशे बारा माणसं. त्यातली कितीतरी त्या मंगळवारी आमच्या दारात चपला काढून उभी होती. कोणाच्या मरणाला अंगठा दाखवायचा नसतो एवढं त्यांना न शिकवता कळत होतं. माझा निरोप त्यांच्या सभ्यतेनं मेला.

“आणि तिचे निरोप? ते दवाखान्यात कसे?”

“ते साहेबांच्या नावानं आले. साहेबांनी उघडले नाहीत.” त्यांनी नकाशावरची एक टाचणी सरळ केली. “पत्त्यावरच्या माणसानं दोन दिवस उघडलं नाही, तर मजकूर वाया जाऊ नये म्हणून तो सर्वांसाठी खुला होतो. नाव काढून. गोपनीयता आम्ही कटाक्षानं पाळतो. आणि ताई, प्रतिसाद बघा! मांजर मागे पडलं. सव्वादोन वर्षांत पहिल्यांदा.”

“माझा निरोप पुन्हा पाठवा. आत्ता.”

“पाठवू की. पण पुन्हा तेच होणार, अंगठ्याशिवाय टिकणार नाही. थोडा रंजक करता आला तर बघा. साहेबांचा एखादा हसरा फोटो? सोबत दोन ओळी, हलक्याफुलक्या?”

ते माझ्या तोंडाकडे पाहून घाईघाईनं म्हणाले, “किंवा नवा मेकॅनिक नेमला की तो सांगेल प्रत्यक्ष.”

“कधी नेमणार?”

“तिथेच तर अडलंय. यंत्रणेत साहेब हजर आहेत. हजर माणसाच्या जागी दुसरा कसा नेमायचा?”

शनिवारी दीड वाजता मी पाण्याच्या टाकीजवळ टँकरची वाट बघत उभी होते. आई यायला निघाली होती. मी नको म्हटलं. फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, “तिला म्हणावं, मी बोलले होते तिला. तिच्यामागे.”

“काय बोललीस ते सांगू?”

“नको. बोलले होते एवढंच सांग.”

टँकरचा ड्रायव्हर बोलका माणूस निघाला. त्याचा स्वतःचा फोन बटणांचा होता, परहस्ते त्याला ऐकून माहीत. सीटखालच्या हत्यारपेटीतून एक वायर वर आली होती, आणि ती वाकडी धरून राहावी म्हणून त्यानं तिला पान्याला दोऱ्यानं बांधलं होतं.

“समन्वयक साहेब म्हणाले, हात लावायचा नाही, फक्त न्यायचा-आणायचा,” तो म्हणाला. “काकांचा आहे हे माहीत होतं मला. वाटलं, घरच्यांचीच इच्छा असेल. आठवणीसाठी लोक काय काय करतात, आपण कोण बोलणारे?”

“नवव्याला कोणी दिसतं का तुम्हाला?”

“एक बाई असते ना! वर बांधावर. रोज. ओरडत असते काहीतरी. मला वाटतं धुळीबद्दल असणार, आमच्यामुळे तिचे कपडे खराब होत असतील. म्हणून मी आपला हात करतो. माफ करा म्हणून.”

“थांबत का नाही?”

“ताई, भरलेला टँकर त्या चढावर थांबला तर पुन्हा उठत नाही. थांबलो असतो हो. कोणाला बरं वाटतं शिव्या खात जायला?”

प्रत्येक पंपघराखाली हत्यारपेटीत काहीतरी थरथरायचं. पाचवं, सहावं, सातवं. वरून कोणाचा तरी फोन बाबांच्या फोनशी बोलून घेत होता. आठवं मागे पडल्यावर मी ड्रायव्हरला गाडी चढाच्या आधी थांबवायला सांगितली आणि पेटी उघडली. फोन गरम झाला होता. मी तो बंद केला. प्रक्रिया अशी काही नव्हती; बाजूचं बटण तीन सेकंद दाबायचं.

“साहेब मला विचारतील,” ड्रायव्हर म्हणाला.

“मी बंद केला म्हणून सांगा.”

“सांगतो. तसाही तो चाकाचा पाना मला लागतच होता.”

पायवाटेनं वर जायला वीस मिनिटं लागली. चढताना मी वाक्यं तयार करत होते. मला वाक्यं करता येतात. मुलांच्या वह्यांत मी ती रोज नीट करून देते. तीन वाक्यं जमली होती, एकापुढे एक, धक्का हळूहळू बसेल अशी.

आत्या पंपघराच्या पायरीवर बसून व्हॉल्व्हच्या चाकाला ग्रीस लावत होती. उंच, वाळलेली, बाबांचाच जबडा. मला बघून ती उठली नाही.

“तू होय,” ती म्हणाली आणि माझ्या मागे पाहिलं. “आणि तो शहाणा? बहिणीला तोंड दाखवायला लाज वाटते म्हणून पोरीला पुढे धाडलं वाटतं. ये म्हणावं वर. खात नाही मी.”

तीन वाक्यांतलं एकही आलं नाही.

“आत्या, बाबा वारले.”

तिचा हात चाकावरून फिरत होता तो अर्धा फेरा तसाच पुढे गेला.

“काहीतरी बोलू नकोस. परवा दिसला मला. कालही.”

“तो टँकरचा ड्रायव्हर. हात करायचा तो ड्रायव्हर. बाबांचा फोन तेवढा गाडीत ठेवला होता.”

“फोन गाडीत,” आत्या म्हणाली. “आणि तो?”

“मंगळवारी गेले. ह्या नाही, त्याच्या मागच्या. सकाळी.”

तिनं ग्रीसच्या बोटांवर मोजलं. मंगळवार, बुधवार, करत शनिवारशी येऊन थांबली.

“म्हणजे मी त्याला बोलायला लागले तेव्हा—”

“नव्हते.”

“त्यानं ऐकलं नाही ना त्यातलं काही?”

“नाही आत्या. एक शब्दही नाही.”

तिनं डोळे मिटले आणि उघडले. “मग कोण ऐकत होतं? इथं दाखवायचं, निरोप गेला म्हणून. रोज दाखवायचं.”

खोटं बोलता आलं असतं. “सगळे,” मी म्हणाले. “अख्खी वसाहत. फार आवडलं लोकांना.”

“आवडणारच,” ती म्हणाली. “दुसरं काम काय आहे मेल्यांना.” तिचा जबडा हलत होता. तिनं फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसायला लागली. करंगळीपासून सुरुवात करून, नखाच्या कडा, पेरं, पुन्हा करंगळी. बराच वेळ पुसत होती. रडणं आलं ते हात स्वच्छ झाल्यावर, आणि आवाज न करता.

मी तिच्या खालच्या पायरीवर बसले.

“मला कोणी कळवलं नाही,” ती शेवटी म्हणाली.

“मी कळवलं होतं. त्याच सकाळी. पोचलं म्हणून दाखवलं. तू आली नाहीस म्हणून मी तुझ्यावर रागावले होते. अकरा दिवस.”

“अकरा?”

“हो.”

“मी त्याच्यावर सातच दिवस,” आत्या म्हणाली. मग थोड्या वेळानं, “तुझ्या आईला किती आनंद झाला असेल, मी आले नाही म्हणून.”

“ती तुला बोलली होती तुझ्यामागे. तेवढं सांगायला सांगितलंय.”

“काय बोलली?”

“ते सांगायचं नाही म्हणाली.”

आत्याच्या नाकातून एक हसण्यासारखा आवाज आला. तिनं फडक्याची घडी केली आणि मांडीवर ठेवली.

“आता सांग,” ती म्हणाली.

“काय?”

“सगळं. मी नव्हते ना तिथं. सकाळपासून सांग.”

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तशी वेळच आली नव्हती. बातमी टाकली होती. जो आला तो कळूनच आला होता, पाणी प्यायला होता, गेला होता. कुठून सुरू करायचं तेही मला माहीत नव्हतं.

“साडेसहाला उठले,” मी म्हणाले.

“सहाला,” आत्या म्हणाली. “साडेसहापर्यंत तो आयुष्यात कधी झोपला नाही. पुढे.”

“सहाला उठले,” मी म्हणाले.